बर्फाच्या घाटात गाडी नेताना
(नभोवाणीवरील भाषण)



बर्फावरून मोटार चालविणे हा आपल्याकडील लोकांच्या नित्याच्या अनुभवाचा विषय नव्हे. इंदूर-ग्वाल्हेरची थंडी कितीही बोचरी असो, रस्त्यावर बर्फ साचून गाडीची चाके जागच्या जागी फिरू लागली असे तेथे कधी घडत नाही. बेळगावहून चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटाने भर पावसाळ्यात गाडी खाली उतरविणारा मनुष्य स्वतःस घाटाचा वाकबगार समजतो, आणि ते योग्यही आहे. परंतु पावसाने भिजलेला रस्ता आणि थंडीने गोठलेला रस्ता यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या रस्त्यावर मिळविलेले कौशल्य दुसऱ्या रस्त्यावर उपयोगी पडेल असे गृहीत धरून निघणे धोक्याचे होय.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत बर्फ आपल्या फार जवळ आला आहे. हिमाचल प्रदेशात मनालीच्या पलीकडे, रोहतांग खिंडीखालून खोदलेला अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी 9.02 किलोमीटर आहे. पूर्वी हिवाळ्यात 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की, पलीकडचे लाहौलचे खोरे कित्येक महिने जगापासून तुटत असे. आता बोगद्यामुळे ऐन डिसेंबर-जानेवारीतही तेथे मोटारीने जाता येते. लाहौलच्या रहिवाशांना ही मोठीच सोय झाली. पण त्याचबरोबर नाताळच्या सुट्टीत मुलाबाळांसह स्वतःच्या गाडीने बर्फ पाहावयास निघणाऱ्यांची रीघही तेथे लागू लागली. 2024 च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवचित बर्फवृष्टी झाली, तेव्हा सोलंग आणि बोगदा यांच्या परिसरात सुमारे एक हजार वाहने अडकून पडली आणि हजारो प्रवाशांना पोलिसांना रात्री-अपरात्री खाली आणावे लागले.

अशा प्रवासास निघणारे लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘आमची गाडी वर चढेल काय?’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा की, ‘आमची गाडी उतारावर थांबेल काय?’ टायरची निवड, साखळ्यांची निवड, किंबहुना जावे की न जावे हा निर्णयसुद्धा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून करावयास हवा. आजच्या भाषणात मी एवढेच सांगणार आहे.

प्रथम बर्फावर गाडी घसरते म्हणजे काय होते ते पाहू. मोटारीचे इंजिन कितीही जोरकस असो आणि ब्रेक कितीही उत्तम असोत, गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी; आणि त्या प्रत्येक ठिकाणी टायरचा जो भाग रस्त्यास टेकलेला असतो तो जेमतेम तळहाताएवढा असतो. चालणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया त्या चार तळहातांच्या घर्षणावर अवलंबून असतात. हे घर्षण मोजण्याची एक सोपी रीत आहे. गाडीचे वजन एक हजार किलो धरले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर सुमारे आठशे किलोंच्या जोरापर्यंत रस्ता धरून ठेवतात. रस्ता पावसाने भिजला की हा आकडा साधारण पाचशेवर येतो. चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो दोनशेच्या आसपास राहतो. आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर केवळ शंभर किंवा त्याहूनही कमी.

या आकड्यांचा अर्थ अंतराच्या भाषेत अधिक स्पष्ट होईल. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यानंतर कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे साडेचार मीटरांत थांबते. भिजलेल्या रस्त्यावर तिला सात मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर अठरा मीटर आणि गोठलेल्या थरावर पस्तीस मीटर. चालकाला धोका दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जे अंतर काटते ते यात धरलेले नाही. आता हाच रस्ता सपाट नसून उताराचा आहे आणि शंभर मीटरला सात मीटर इतका त्याचा उतार आहे, असे समजा. डोंगरी रस्त्यांवर एवढा उतार काही अपूर्व नव्हे. गोठलेल्या थरावर टायरची जी शंभर किलोंची पकड होती, तिच्यातील सत्तर किलो तर केवळ गाडीला खाली ओढणाऱ्या वजनाशी झगडण्यातच खर्च होतात. थांबविण्याच्या कामी उरतात ते अवघे तीस. परिणामी पस्तीस मीटरांचे अंतर एकदम सुमारे एकशे अठरा मीटर होते. उतार आणखी वाढून शंभराला दहा झाला, तर ती गाडी थांबतच नाही. ब्रेक पूर्ण दाबलेले असतानाही ती घसरत राहते. एवढ्या अंतरात घाटाला एखादे वळण असतेच, आणि वळणाच्या कडेला काय असते ते सांगावयास नको.

ह्या हिशेबातच एक दिलासाही आहे. वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर चौथाईवर येते. वर सांगितलेल्या त्याच उतारावर गाडी ताशी 15 किलोमीटरने चालत असेल, तर एकशे अठराऐवजी सुमारे तीस मीटर पुरतात. बर्फावरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे मंद वेग, हे कोणत्याही टायरची किंमत विचारण्यापूर्वी ध्यानात घेतले पाहिजे.

आता एका गैरसमजाचा विचार करू. ज्या गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते, जिला सर्वसाधारणपणे ‘फोर बाय फोर’ म्हणतात, ती गाडी बर्फात निर्धोक असते अशी पुष्कळांची समजूत आहे. बर्फ पडला की मनालीच्या पुढे फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडण्याचे आदेश पोलीस देतात, त्यामुळे ही समजूत अधिकच दृढ होते. फोर बाय फोर गाडी चढावर सरस ठरते यात शंका नाही. कारण दोन चाकांऐवजी चार चाके तिला ओढतात. परंतु ब्रेक तर प्रत्येकच मोटारीच्या चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोर गाडीला काहीही अधिक लाभत नाही. उलट ती साध्या गाडीहून बहुधा वजनदार असते, आणि ती सहज वर चढल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज चालकाला येत नाही. साध्या गाडीची चाके चढावरच फिरू लागतात आणि ती आपल्या मालकाला वेळीच परत पाठवते. फोर बाय फोर त्याला निर्वेधपणे माथ्यावर नेते आणि मग उतारावर त्याची परीक्षा घेते.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर टायरकडे वळू. आपल्या गाड्यांना जे टायर असतात त्यांचे रबर उष्ण हवेचा विचार करून बनविलेले असते. हवामान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हे रबर ताठ होऊ लागते. ताठ रबर रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात बसत नाही आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर मुळातच असे असते की ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या खाचा रुंद व खोल असतात आणि रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. टायर रस्त्यावर टेकला की त्या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. रुंद खाचांत बर्फ दाबून भरला जातो, तोही उपकारकच असतो. कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. मुले बर्फाचा चेंडू कसा वळतात ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच पटेल.

हिवाळी टायरची कल्पना ज्या देशात रुजली तो देश फिनलंड. तेथील एका रबर कारखान्याने 1934 मध्ये मालमोटारींसाठी आणि 1936 मध्ये लहान मोटारींसाठी असे टायर बाजारात आणले. आज युरोपातील थंड प्रदेशांत हिवाळा आला की टायर बदलावयाचे, हा घरोघरचा रिवाज झाला आहे आणि कायद्यानेही त्यास बळ दिले आहे. जर्मनीत 2010 च्या डिसेंबरपासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरवाचून गाडी चालविण्यास स्पष्ट मनाई आहे. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या मुदतीत रस्ता बर्फाळ असेल तर असे टायर लागतात, आणि त्यांच्या खाचा चार मिलिमीटरपेक्षा कमी खोल उरल्या असतील तर त्यांना हिवाळी टायर मानलेच जात नाही. फ्रान्सने 1 नोव्हेंबर 2021 पासून डोंगराळ भागांतील ठरावीक गावांच्या हद्दीत हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या केल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये अशी सर्वसाधारण सक्ती नाही; परंतु निळ्या गोल पाटीवर साखळी लावलेल्या चाकाचे चित्र दिसले की तेथून पुढे साखळ्या लावल्याच पाहिजेत. ज्या श्रोत्यांची मुले वा नातेवाईक त्या देशांत नोकरीनिमित्त राहतात आणि जे त्यांच्याकडे हिवाळ्यात जाऊन भाड्याच्या मोटारीने आल्प्स पाहण्याचा बेत करतात, त्यांनी गाडी ताब्यात घेतानाच टायरची चौकशी करावी.

ही चौकशी करावयाची म्हणजे टायरच्या बाजूवरील खुणा पाहावयाच्या. ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे पुष्कळ टायरांवर असतात. चिखल आणि बर्फ हा त्यांचा अर्थ. परंतु ही अक्षरे उत्पादक स्वतःच्या अधिकारात छापतो. त्यासाठी टायरला कोणत्याही परीक्षेस बसावे लागत नाही. दुसरी खूण चित्ररूप असते : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही खूण बर्फावरील प्रत्यक्ष चाचणीत उतरल्यावाचून मिळत नाही. म्हणूनच 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत केवळ अक्षरे असलेले टायर चालत नाहीत, डोंगराची खूणच लागते. तथापि या खुणेलाही मर्यादा आहे. अमेरिकेत रूढ असलेल्या चाचणीत टायर बर्फावर गाडीला किती जोराने ओढतो एवढेच मोजतात. किती अंतरात थांबवतो ते मोजत नाहीत. शिवाय ही परीक्षा भुसभुशीत वा दाबलेल्या बर्फावरची असते. काचेसारख्या गोठलेल्या थरावरची परीक्षा निराळी, आणि तिची निराळी खूण युरोपातील टायरांच्या लेबलावर मे 2021 पासून दिसू लागली आहे.

मग इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा बेळगावच्या गृहस्थाने मनालीच्या आठ दिवसांच्या सहलीसाठी हिवाळी टायर विकत घ्यावेत काय? माझे उत्तर आहे : नाही. आपल्याकडच्या दुकानांत ते सहजासहजी मिळत नाहीत, ही एक अडचण झाली. त्याहून मोठी अडचण अशी की, मनालीला पोहोचेपर्यंत हजार-दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास तापलेल्या, कोरड्या रस्त्यांवरून होतो. तेथे मऊ रबर भराभर झिजते आणि ब्रेक दाबल्यावर नेहमीच्या टायरपेक्षा उशिरा थांबते. जो टायर चार दिवस उपयोगी आणि बाकीच्या दिवसांत अपायकारक, तो घेण्यात शहाणपण नाही. ज्याला सबंध हिवाळा त्या डोंगरात काढावयाचा आहे त्याने ते अवश्य घ्यावेत. आणि घेतले तर चारही चाकांना घ्यावेत. दोनच चाकांना चांगले टायर लावले की गाडीचा एक भाग थांबतो आणि दुसरा घसरत राहतो.

हिवाळी टायर नाहीत म्हणून आहेत त्या टायरांची उपेक्षा मात्र करू नये. मोटारीच्या टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटर खोल असल्या म्हणजे कायद्याचे समाधान होते. बर्फाचे होत नाही. चार मिलिमीटरपेक्षा कमी खोल खाचा असलेल्या टायरवर घाटात जाऊ नये. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘3521’ म्हणजे 2021 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा शाबूत दिसल्या तरी जुने रबर ताठ झालेले असते, म्हणून हे आकडे पाहणे आवश्यक आहे. स्टेपनीकडेही असेच पाहावे.

हवेच्या दाबाविषयीही एक शंका नेहमी विचारली जाते. थंडीने टायरमधील दाब उतरतो. तीस अंशांतून उणे पाच अंशांत गेल्यास तो पाच-साडेपाच पौंडांनी उतरतो. उलट उंचीवर बाहेरची हवा विरळ असते. तीन हजार मीटरवर तिचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असतो. त्यामुळे मापक तेथे चार-साडेचार पौंड अधिक दाखवतो. हे दोन परिणाम परस्परांना बरेचसे छेदतात. म्हणून अंदाजाने हवा भरू नये आणि पकड वाढेल या आशेने कमीही करू नये. मनालीत मुक्काम केल्यावर सकाळी गाडी हलविण्यापूर्वी दाब मोजावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा ठेवावा.

आता साखळ्या. आपल्या प्रवाशाच्या दृष्टीने हेच खरे साधन होय. चाकाला साखळी गुंडाळण्याची युक्ती न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड नावाच्या गृहस्थाने शोधली आणि 1904 च्या ऑगस्टमध्ये तिचे पेटंट मिळविले. तत्त्व सोपे आहे. रबर बर्फावरून सरकते, परंतु पोलादी कड्या गाडीच्या वजनाने बर्फात रुततात आणि चाकाला जणू नखे फुटतात. साखळ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चाकावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या साखळ्या येतात. ही स्वस्त व दणकट असते. पण दोन पायऱ्यांच्या मधल्या भागात चाक उघडेच राहते, आणि बाजूला घसरण्यास ती कमी विरोध करते. दुसऱ्या प्रकारात साखळ्या शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी करतात. या जाळीमुळे चाकाचा कोणता ना कोणता दुवा सतत बर्फावर असतो आणि वळणावरही पकड राहते. घाटासाठी दुसरा प्रकार अधिक चांगला. चाकावर चढवावयाचे कापडी मोजे आणि प्लॅस्टिकचे पट्टेही आज विकावयास असतात. मोजे मऊ बर्फावर काही अंतर साथ देतात, पण खडबडीत रस्त्यावर लवकर फाटतात. आणि बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर उताराचा भरवसा ठेवू नये.

साखळी घेताना माप अचूक हवे. टायरच्या बाजूवर ‘165/80 आर 14’ अशा तऱ्हेचा मजकूर असतो. त्याचा अर्थ, टायरची रुंदी 165 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 80 टक्के आणि रिमचा व्यास 14 इंच. साखळीच्या पेटीवर नेमके हेच माप लिहिलेले असले पाहिजे. ‘जवळपास बसेल’ हे येथे चालत नाही. सैल साखळी सुटून ब्रेकच्या नळीवर किंवा मडगार्डवर आदळते. काही गाड्यांत चाक आणि आतील भाग यांमध्ये इतकी कमी जागा असते की जाड साखळी बसतच नाही. अशा गाड्यांच्या पुस्तिकेत तशी सूचना दिलेली असते, आणि ती दुकानात जाण्यापूर्वी वाचावयाची असते.

साखळ्या कोणत्या चाकांना लावावयाच्या? जी चाके गाडी ओढतात त्यांना, असे नियम सांगतो. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची असतात. परंतु केवळ नावावरून अंदाज करू नये. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते आणि तिच्याच घराण्यातील हायक्रॉस पुढच्या चाकांवर. साखळ्यांची एकच जोडी असेल तर हा नियम पाळावा. मात्र आपला मूळ प्रश्न येथेही विसरू नये. केवळ पुढच्या चाकांना साखळ्या असल्या, तर गाडी चढेल; पण उतारावर ब्रेक लावताच पुढचा भाग धरला जाईल आणि मोकळा राहिलेला मागचा भाग वळणावर बाहेर फेकला जाईल. केवळ मागे असल्या, तर पुढची चाके वळविली तरी गाडी सरळच जाऊ पाहील. म्हणून बर्फाळ उतार उतरावयाचा असेल आणि गाडीच्या पुस्तिकेची हरकत नसेल, तर चारही चाकांना साखळ्या लावणे हेच श्रेयस्कर.

साखळी चढविण्याचा सराव घरच्या अंगणात, कोरड्या जमिनीवर, दोन-तीन वेळा करून ठेवावा. जे काम घरी पंधरा मिनिटांत होते तेच काम बर्फात, अंधारात आणि गारठलेल्या बोटांनी करावयाचे असते. जाड हातमोजे, गुडघ्याखाली घालावयास एखादे मेणकापड, विजेरी, लहान फावडे आणि चाकामागे लावावयास दोन लाकडी ठोकळे एवढे साहित्य गाडीत असावे. बर्फ सुरू होण्यापूर्वीच सपाट जागा पाहून साखळ्या चढवाव्यात. चाके फिरू लागल्यावर चढणीच्या मध्ये हे काम सुरू करणे म्हणजे मागील वाहनांनाही संकटात लोटणे होय. थोडे अंतर गेल्यावर उतरून साखळ्या पुन्हा ताणून घ्याव्यात. वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नेऊ नये. बर्फ संपून डांबर लागले की त्या काढाव्यात. कोरड्या रस्त्यावर साखळी झिजते, तुटते आणि पकडही कमी करते. साखळ्या मनालीत भाड्याने मिळाल्या तरी, आपल्या मापाच्या आहेत की नाहीत ते स्वतः पाहून, लावावयाची रीत समजून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

यानंतर एका गोष्टीचा उल्लेख केला नाही तर हे भाषण अपुरे राहील. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलेही होती. त्यांतील कित्येकांचा बळी थंडीपेक्षाही विषारी वायूने घेतला असे सांगितले गेले. बर्फाने धुराची नळी बुजली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो जागा होत नाही. म्हणून अडकण्याची वेळ आलीच, तर प्रथम उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन सतत चालू न ठेवता अधूनमधून थोडा वेळ चालवावे आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी. पांघरुणे, पाणी आणि खाद्यपदार्थ हे सामान डिकीत न ठेवता हाताशी ठेवावे.

सारांश, मनालीहून बोगद्याकडे जाणाऱ्या प्रवाशाचा निर्णय कसा असावा? मनाली सुमारे 2,050 मीटर उंचीवर आहे. बोगद्याचे अलीकडचे तोंड तेथून सुमारे 25 किलोमीटरवर, 3,060 मीटर उंचीवर आहे. म्हणजे एवढ्याशा अंतरात एक हजार मीटर चढावयाचे, आणि परतताना तेवढेच उतरावयाचे. सकाळी ऊन पडलेले असते, रस्ता ओला असतो आणि गाडी सहज वर जाते. दुपारनंतर सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी गोठते आणि परतीच्या उतारावर काळसर काच पसरते. डांबराच्या रंगात मिसळल्यामुळे ती दिसतही नाही. अशा रस्त्यावर ज्याने पूर्वी कधी गाडी चालविली नाही, त्याने आपली गाडी मनालीत ठेवून तेथील जाणत्या चालकाचे वाहन भाड्याने घ्यावे, हा माझा पहिला सल्ला. स्वतःच जावयाचे असेल तर खोल खाचांचे टायर, मापाच्या व सराव केलेल्या साखळ्या आणि दुपार कलण्यापूर्वी परतण्याचा निश्चय या तीन गोष्टी सोबत असाव्यात, हा दुसरा. आणि आकाश भरून आले, पोलिसांनी हात दाखविला किंवा पुढची गाडी आडवी होताना दिसली, तर विनासंकोच गाडी मागे वळवावी, हा तिसरा.

मुले हिरमुसतील, सोबतचे लोक चेष्टा करतील, भाड्याचे पैसेही वाया जातील. परंतु बर्फ पुढल्या वर्षीही पडणार आहे. तो पाहावयास सर्व मंडळी सुखरूप असली म्हणजे झाले.